वाचकांचे प्रश्न : गझल गळ्यात बसवताना

गझल गायनाच्या तालमीविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

मेहदी हसन यांची तालीम धृपदाची होती आणि सुरुवातीला ते ठुमरी गात, असे वाचले. मग गझलेत त्याचा उपयोग काय झाला? (एक वाचक, अकोला)

तुम्ही वाचले ते बरोबर आहे, आणि त्यांच्या गझलगायकीची मुळे तिथेच आहेत. मेहदी हसन यांचा जन्म 1927 साली राजस्थानातल्या झुंझुनू भागातल्या लूणा गावी, कलावंतांच्या घराण्यात झाला. वडील अझीम खाँ आणि काका इस्माईल खाँ हे दोघेही धृपदिये. घरातली तालीम धृपद, ख्याल, ठुमरी, दादरा अशी सर्वांगाची होती. 1947 नंतर कुटुंब पाकिस्तानात गेले आणि हातातले सगळे सुटले. चिचावतनीत त्यांनी सायकलच्या दुकानात काम केले, पुढे मोटारी आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांची दुरुस्ती केली. त्या काळातही त्यांनी रियाज सोडला नाही. पन्नाशीच्या दशकात रेडिओ पाकिस्तानवर संधी मिळाली ती ठुमरी गायक म्हणून, आणि गझल त्यानंतर आली.

धृपदाने त्यांना तीन गोष्टी दिल्या: न हलणारा स्वर, लांब दमसास आणि खर्जातही (अगदी खालच्या स्वरांतही) शब्द स्वच्छ ऐकू येईल असा आवाज. ठुमरीने बोलबनाव दिला, म्हणजे शब्द तोच ठेवून दर वेळी स्वरांची वाट बदलायची आणि अर्थाची एकेक छटा उघडायची. गझलेत याची गरज सर्वांत जास्त. शेराची (गझलेतल्या दोन ओळींच्या कडव्याची) पहिली ओळ दोनदा, तिनदा, चारदा गायची असते. ती प्रत्येक वेळी सारखीच आली तर ऐकणारा कंटाळतो, आणि अर्थ सोडून भलतीकडे गेली तर शेर हातचा जातो.

कवी फैज अहमद फैज यांची, मेहदी हसन यांनी गायलेली ‘गुलों में रंग भरे’ ही गझल झिंझोटी रागात आहे. 1964 च्या ‘फरंगी’ चित्रपटातही ती आली. झिंझोटीचा मुख्य वावर मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवत-पंचमापासून मध्य सप्तकाच्या पूर्वांगापर्यंत, म्हणजे पहिल्या निम्म्या भागापर्यंत. माणूस ज्या पट्टीत बोलतो त्याच्याच आसपास हा राग फिरतो, म्हणून कविता सांगितल्यासारखी ऐकू येते. त्यांच्या मैफलीचे एखादे दीर्घ ध्वनिमुद्रण घ्या आणि फक्त मतल्याच्या (गझलेच्या पहिल्या शेराच्या) पहिल्या ओळीकडे लक्ष द्या. प्रत्येक आवृत्तीत कोणत्या शब्दावर थांबले आणि कोणत्या स्वरावर सोडले, ते कागदावर टिपा. हा अभ्यास दहा गझला पाठ करण्यापेक्षा मोलाचा आहे.

वय 38. हार्मोनियम येते, भावगीते गातो. नोकरीमुळे रोज एकच तास मिळतो. गझलेसाठी शास्त्रीय किती शिकावे लागेल? (एक वाचक, पुणे)

बडा ख्याल मांडता आला पाहिजे असे नाही. पण रागात चालता आले पाहिजे, म्हणजे ठरलेल्या चालीबाहेर पाऊल टाकले तरी रागाची वाट सुटता कामा नये. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या भाषेत सांगायचे तर मध्यमा परीक्षेपर्यंतचे राग खरोखर गळ्यात बसलेले असावेत. नुसती परीक्षा पास असणे उपयोगाचे नाही.

तासाची विभागणी अशी करा. पहिली दहा मिनिटे तानपुऱ्यावर षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत आकारात (‘आ’ म्हणत) एकेक स्वर, प्रत्येकी दहा-बारा सेकंद. जिथे स्वराऐवजी हवा ऐकू येऊ लागते तिथे थांबा, गळा दाबून आणखी खाली जाऊ नका. पुढची वीस मिनिटे एकच राग. पहिले सहा-आठ महिने यमन, कारण शुद्ध गंधार आणि तीव्र मध्यम ताब्यात आल्याशिवाय कानाला धार येत नाही, आणि यमनातल्या गझला मुबलक आहेत (मेहदी हसन यांची ‘रंजिश ही सही’ यमनातलीच). त्यानंतर खमाज आणि काफी, मग भैरवी. पीलू, पहाडी हे दिसायला सोपे आणि गायला निसरडे राग शेवटी. त्यांत बाहेरचे स्वर चालतात, पण कुठे चालतात हे कानाला आधी कळावे लागते.

त्यानंतर दहा मिनिटे मुरकी-खटक्यांसाठी (स्वरांच्या लहान, जलद तुकड्यांसाठी), आणि उरलेली वीस मिनिटे एका शेरासाठी. संपूर्ण गझल रोज गायची नाही, एकच शेर. आधी तो मोठ्याने वाचा, गद्यासारखा, अर्थाप्रमाणे थांबत. मग हाताने ठेका धरून त्यावर बोला. मग चालीत गा, एकही हरकत (स्वरांची सजावट) न घेता. हे तिन्ही जमल्यावरच तोच शब्दसमूह तीन वेगळ्या वाटांनी गा आणि प्रत्येक वेळी मुखड्याच्या (गझलेच्या सुरुवातीच्या ओळीच्या) समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, नेमके या.

यात नेहमी होणारी चूक म्हणजे ‘है’, ‘का’, ‘तो’ अशा छोट्या, जोडणाऱ्या शब्दांवर आलाप करणे. ते शब्द ओळीच्या शेवटी येतात आणि गळा तिथे मोकळा होतो, म्हणून मोह होतो. पण अर्थाचे वजन दुसऱ्याच शब्दावर असते. वाचताना ज्या शब्दावर आवाज आपोआप चढतो, त्यावरच विस्तार करा. दुसरी चूक श्वासाची. दोन शब्दांच्या समासाच्या मधोमध दम तुटला की शेर तुटतो. गझल पाठ करतानाच श्वासाच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवा.

वयाची काळजी सोडा. 38 व्या वर्षी आवाज पक्का झालेला असतो आणि शेर कळण्याइतके आयुष्य पाहिलेले असते. लवचीकपणाला जास्त महिने लागतील, एवढेच.

मुरकी घेतली की स्वर एकमेकांत मिसळतात. (एक वाचक, मडगाव)

लय आधी वाढवली आणि स्वर मागे राहिले. ‘रे सा नि सा’ एवढा चार स्वरांचा तुकडा घ्या. मिनिटाला 60 ठोक्यांवर ठोक्याला एक स्वर, मग दोन, मग चार. चारही स्वर वेगळे ऐकू येत असतील तरच ठोके 60 चे 66 करा. आरशासमोर बसा. जबडा किंवा हनुवटी हलत असेल तर हालचाल चुकीच्या ठिकाणी होते आहे. मुरकी गळ्याच्या आत होते, तोंड स्थिर असते. आकारात जमल्यावर शब्दाच्या स्वरावर बसवा. व्यंजनावर मुरकी घेऊ नका, ‘म’ किंवा ‘न’ वर घेतली की ती नाकात जाते.

उर्दू येत नाही. देवनागरीत लिहिलेल्या गझला गातो. जाणकार म्हणतात तलफ्फुज (उच्चार) कच्चा आहे. नेमके काय सुधारावे? (लातूर, नाशिक आणि बडोद्याहून आलेली पत्रे)

लिपी शिकलात तर उत्तम, दोन-तीन महिन्यांत वाचण्यापुरती येते. पण तोपर्यंत थांबायचे कारण नाही. मराठी जिभेच्या चुका ठरावीक असतात, आणि त्या एकेक करून काढता येतात.

नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) अक्षरांसाठी एक कसोटी आहे: वर्ण लांबवता येतो का? ‘ख’ लांबवता येत नाही, तो फुटतो आणि संपतो. ‘ख़’ घासत लांबवता येतो, कारण जिभेचा मागचा भाग टाळूला टेकत नाही, जवळ जाऊन थांबतो. ‘ग़’ तसाच, फक्त घोष, म्हणजे कंठातला आवाज मिसळलेला. ‘ज़’ साठी ‘स’ लांबवत राहा आणि त्यातच आवाज मिसळा. मराठी माणूस इथे ‘जग’, ‘जहाज’ मधला ज वापरतो. तो जवळचा वाटतो, पण त्यात जीभ दातांमागे टेकते आणि ‘ज़’ मध्ये ती टेकत नाही. ‘क़’ ला मात्र ही कसोटी लागू नाही. तो फुटणाराच आहे, फक्त पडजिभेपाशी, खोलवर.

‘फ’ च्या बाबतीत आपली चूक उलटी आहे. ‘फळ’, ‘फूल’ म्हणताना आपल्यातले पुष्कळ जण ओठ दातांना लावतात, त्यामुळे ‘फ़’ आपसूक येतो. पण ‘फिर’, ‘फूल’ या शब्दांत उर्दूतही ओठ मिटून सुटणारा ‘फ’ आहे. ‘फ़िर’ गाणारे शेकड्यांनी भेटतात.

ऐ आणि औ यांचेही तसेच. मराठीत आपण ते अइ, अउ असे जोडस्वर उच्चारतो. ‘मैं’, ‘है’, ‘और’ मध्ये एकच, उघडा, न सरकणारा स्वर आहे. लांब तानेवर ‘और’ चा ‘अउर’ झाला की कान लगेच टिपतो.

आता वजन, म्हणजे गझलेचे वृत्त. इथली चूक उच्चारापेक्षा गंभीर, कारण ती ताल बिघडवते. मराठीत आलेले कितीतरी शब्द उर्दूत आखूड आहेत: शह्र, उम्र, फ़िक्र, क़द्र, सब्र. यांचे वजन गुरू-लघू (लांब-आखूड). आपण शहर, उमर, फिकीर, कदर, सबर म्हणतो आणि लघू-गुरू करून टाकतो (फिकीर तर आणखीच लांबतो). ओळ चालीत बसेनाशी झाली की गायक एखादा स्वर ओढून ती बसवतो आणि चूक झाकली जाते, सुधारत नाही.

उलट बाजूने ‘में’, ‘से’, ‘को’, ‘की’, ‘भी’ हे लेखनात गुरू दिसणारे शब्द वृत्ताच्या गरजेप्रमाणे लघूही होतात. फैजच्या वर सांगितलेल्या ओळीची सुरुवात लगालगा ललगागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू) अशी आहे. म्हणजे ‘गु-लों-में-रं’ मध्ये ‘में’ लघू. तिथे लांबवाल तर ‘रंग’ समेपासून ढळेल. गालिबच्या ‘दिल-ए-नादाँ’ मध्ये ‘दिल’ म्हणून थांबून वेगळा ‘ए’ गाऊ नका. तो ‘दि-ले-ना-दाँ’ असा जोडून येतो आणि ‘ले’ ऱ्हस्व आहे.

यासाठी एकच उपाय सांगतो: चाल लावण्याआधी प्रत्येक ओळीखाली ल आणि गा लिहा. कोणत्याही शेरात आकृती बदललेली दिसली की शब्द बहुधा चुकीचा वाचला आहे असे समजा आणि शोधा.

मराठी गझलेला चाल लावतो, पण शब्द ठेक्यात कोंबल्यासारखे वाटतात. वृत्त पाहून ताल कसा निवडावा? (एक वाचक, अमरावती)

तुमच्या गावचा प्रश्न आहे म्हणून आनंद वाटला. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचाच (1932), आणि मराठी गझल तंत्रशुद्ध लिहिण्याची शिस्त त्यांनी पिढीला लावली. त्याचा लाभ गायकालाही होतो: मराठी गझलेचे वृत्त काटेकोर असते, म्हणून ताल निवडण्याआधी मात्रा मोजून पाहता येतात.

गालगागा हा गण (वृत्ताचा तुकडा) सात मात्रांचा: ल ची एक मात्रा, गा च्या दोन. रूपक हा तालही सात मात्रांचा, 3-2-2 असा विभागलेला. गाल, गा, गा. गण आणि ठेका तंतोतंत जुळतात. लगागागा ही तसाच बसतो: लगा, गा, गा. म्हणून देवप्रिया, व्योमगंगा, वियद्गंगा या वृत्तांतल्या गझला रूपकात स्वाभाविक वाटतात.

पण त्यांच्यातही फरक आहे. देवप्रिया म्हणजे गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा, एकूण 26 मात्रा. रूपकाची चार आवर्तने (फेऱ्या) 28 मात्रांची. दोन मात्रा उरतात, तिथे श्वास घ्या. व्योमगंगेत गालगागा चारदा, 28 च्या 28 भरतात आणि श्वासाला जागाच राहत नाही. गायक मग शेवटचा गुरू, म्हणजे नेमका रदीफचा (ओळीअखेर दर वेळी तेच येणाऱ्या शब्दांचा) शेवट तोडतो. अशा गझलेला दोन ओळींच्या मध्ये एक रिकामे आवर्तन चालीतच ठेवा. त्यात तबला बोलू द्या.

आनंदकंद हे आपल्याकडचे फार लाडके वृत्त: गागाल गालगागा, दोनदा, 24 मात्रा. हिशेबाने दादरा या सहा मात्रांच्या तालाची चार आवर्तने. पण पहिल्या मात्रेवर सुरुवात केलीत तर सहाव्या मात्रेवर येणारा गुरू पुढच्या समेवर सांडतो, सम झाकली जाते आणि ओळ लंगडते. तुमची तक्रार बहुधा हीच. ओळ दुसऱ्या मात्रेवरून उचला. गा (2-3), गा (4-5), ल (6), आणि गालगागाचा पहिला गा थेट समेवर. पुढे ल तिसरीवर, गा चौथीवर म्हणजे ‘खाली’वर (जिथे टाळी नसते त्या मात्रेवर). शेवटचा गा सहावीवर सुरू होऊन समेवर संपतो, पण तो यतीचा (विरामाचा) असल्यामुळे खटकत नाही, आणि पुढचा अर्धा पुन्हा दुसरीवरून उठतो.

भुजंगप्रयातात लगागा पाच मात्रांचा. दादऱ्यात घ्यायचा तर ल सहाव्या मात्रेवर उठवा, पहिला गा समेवर दोन मात्रांचा, दुसरा गा एका मात्रेने लांबवून तीन मात्रांचा करा.

आठ मात्रांचा केरवा कोणत्याही वृत्ताला सामावून घेतो, म्हणून सगळे केरव्याकडे धावतात. पण सामावून घेताना शब्द कुठे ताणले जातात ते गायकाला दिसत नाही. आधी गणाशी जुळणारा ताल तपासा, केरवा नंतर.

चालीच्या आकाराबद्दलही एक गोष्ट. मतल्याच्या दोन्ही ओळींत काफिया-रदीफ (काफिया म्हणजे रदीफच्या आधीचे यमक) असतो. पुढच्या शेरांत तो फक्त दुसऱ्या ओळीत येतो. म्हणून पुढच्या शेराची पहिली ओळ अंतऱ्याच्या चालीत, वर तार षड्जाकडे, आणि दुसरी ओळ मुखड्याच्या चालीत खाली, अशी रचना करतात. पहिली ओळ षड्जावर संपवू नका. पंचम, गंधार किंवा ऋषभावर अधांतरी ठेवा. ऐकणाऱ्याला पुढे काय येते याची ओढ लागते, आणि काफिया उलगडला की रदीफ तो तुमच्याबरोबर म्हणतो.

बेगम अख्तर यांच्या आवाजासारखी ‘पत्ती’ लावण्याचा प्रयत्न करते आहे. कसा रियाज करावा? (एक वाचक, कोल्हापूर)

करू नका. वरच्या स्वरावर आवाज क्षणभर फाटल्यासारखा होतो, ती पत्ती त्यांच्या गळ्याची ठेवण होती. मुद्दाम आणण्यासाठी स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटावे लागतात, आणि काही महिन्यांत घोगरेपणा कायमचा बसू शकतो. त्यांच्याकडून घेण्यासारखे दुसरे बरेच आहे. पतियाळाच्या अता मोहम्मद खाँ यांची तालीम, पुढे किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांच्याकडची, आणि त्या जोरावर ठुमरी-दादरा-गझल तिन्हींत फिरणारा गळा. 1945 साली लग्नानंतर त्यांचे गाणे काही वर्षे थांबले आणि 1949 मध्ये लखनौ आकाशवाणीवरून त्या परतल्या. त्यानंतरची ध्वनिमुद्रणे ऐका: हरकत किती थोडी आहे आणि शब्द संपताना आवाज किती हलक्या हाताने सोडला आहे, ते पाहा. ते शिकता येते.

रियाज हार्मोनियमवर करावा की तानपुऱ्यावर? आणि पट्टी कोणती? (तीन पत्रे)

गायनाला साथ हार्मोनियमची, रियाज तानपुऱ्याचा. हार्मोनियमचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (एका अर्धस्वराचे 100 सेंट), धैवत सुमारे 16. सतत त्यावर गाऊन कान चढ्याला सरावतो आणि यमनातला गंधार कधीच निवत नाही.

पट्टी ध्वनिमुद्रण ऐकून ठरवू नका. पुरुषांना साधारण हार्मोनियमची पांढरी एक ते काळी दोन, स्त्रियांना पांढरी चार ते काळी पाच, या टप्प्यात आपली पट्टी सापडते. कसोटी दोन्ही टोकांना घ्या: मंद्र पंचमावर शब्द ऐकू आला पाहिजे, आणि वीस मिनिटे गायल्यानंतरही अंतऱ्याचा सर्वांत वरचा स्वर मान न ताणता लागला पाहिजे. शंका असेल तर अर्ध्या स्वराने खाली या. गझल बोलण्याच्या पट्टीपासून जितकी दूर जाते तितकी तिची सांगण्याची ताकद कमी होते.

महाराष्ट्र मंडळात वीस मिनिटे मिळाली आहेत. किती गझला घ्याव्यात? (एक वाचक, दोहा)

दोन, फार तर. तीन घेतल्यात तर एकही शेर फुलणार नाही. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे असत, म्हणून तिथे शेर भराभर गायले जात. तो साचा मैफलीत आणायचे कारण नाही.

प्रत्येक गझलेतून मतला, मक्ता (शेवटचा शेर, त्यात कवीचे नाव असेल तर) आणि मधले तीन शेर. शेर स्वतंत्र असतात, त्यामुळे मधले वगळता येतात. मात्र मांडणी ठरवा: सर्वांत सोपा शेर मतल्यानंतर लगेच, सर्वांत खोल शेवटून दुसरा. एक गझल मराठी, एक उर्दू ठेवा. उर्दूतल्या दोन-तीन कठीण शब्दांचे अर्थ गाण्याआधी एका वाक्यात सांगा, गाणे मध्येच थांबवून सांगू नका. ताल आणि राग दोन्ही गझलांत वेगळे असावेत. तबलजीला आधीच सांगून ठेवा की लग्गी (तबल्याचे जलद वादन) प्रत्येक शेरानंतर नको. वीस मिनिटांत दोनदा पुरे. लग्गी चालू असताना तुम्ही मुखडा धरून राहायचे आणि तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोल) आली की समेवरून पुढचा शेर.

आवाज महिनाभर बसला आहे. गरम पाणी, ज्येष्ठमध सर्व केले. (एक वाचक, नागपूर)

रियाज आजपासून बंद करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्या. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरेपणा घरगुती उपायांवर ठेवायचा नसतो. तपासणी होईपर्यंत कुजबुजूनही बोलू नका, त्याने स्वरतंतूंवर ताण येतो. गरज असेल तेव्हा हळू, पण साध्या आवाजात बोला. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. पित्त वर चढून घसा जळणे हे गायकांच्या आवाज बसण्याचे नेहमीचे कारण आहे.

फैज किंवा सुरेश भट यांची गझल स्वतःच्या चालीत गाऊन प्रसिद्ध करता येते का? (एक वाचक, बेळगाव)

परवानगीशिवाय नाही. भारतात कवीच्या निधनानंतर 60 वर्षे शब्दांवर हक्क राहतो, आणि ती वर्षे निधनानंतरच्या जानेवारीपासून मोजतात. फैज 1984 साली गेले, त्यांच्या शब्दांवर अजून हक्क आहे. सुरेश भट 2003 साली गेले, म्हणजे 2063 संपेपर्यंत. वारसांकडून किंवा हक्कधारकांकडून लेखी परवानगी घ्या. चाल दुसऱ्याची असेल तर तिचा हक्क वेगळा, तो संगीतकाराच्या बाजूने पाहावा लागतो. मीर, गालिब, मोमीन, दाग यांचे शब्द मोकळे आहेत. मात्र त्यांच्यावर बांधलेली विसाव्या शतकातली चाल मोकळी असेलच असे नाही, म्हणून तिथेही स्वतःची चाल बांधणे उत्तम.